अंधाराचा फोटो : रात्रीच्या छायाचित्रणाचा इतिहास

मंडळी, कोपर स्टेशन दोन मजली आहे हे इथल्यांना सांगायला नको. खालून कल्याणच्या लोकल जातात, वरून दिवा-वसई मार्गावरच्या गाड्या. वरच्या फलाटावर गर्दी बेताचीच असते. रात्री नवाच्या सुमारास तिथल्या कठड्यावर कॅमेरा घट्ट टेकवला, खालच्या फलाटाकडे रोखला आणि शटर दहा सेकंद उघडं ठेवलं, तर फोटोत काय येईल? लोकल आली असेल तर लोकलच्या जागी उजेडाची एक लांब रेघ येईल. उतरून जिन्याकडे धावणारी माणसं जवळजवळ येणारच नाहीत, फार तर धुरासारखी एखादी छाया. आणि बाकावर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन पेंगणारा एखादा गृहस्थ मात्र अगदी स्वच्छ येईल. शेकडो माणसांतून तो एकटा.

असंच एक चित्र लुई दागेर यांनी १८३८ साली पॅरिसमधल्या एका रस्त्याचं घेतलं होतं. वेळ दिवसाची, रस्ता वर्दळीचा. पण त्यांच्या चांदीच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. तेवढ्यात घोडागाड्या आल्या नि गेल्या, माणसं आली नि गेली, आणि चित्रात रस्ता ओसाड दिसू लागला. उरला एकच माणूस, एक पाय उचलून बूट चकचकीत करून घेणारा. छायाचित्रात सापडलेल्या पहिल्यावहिल्या माणसांत त्याची गणना होते. मोठं काही केलं म्हणून नव्हे, तो थांबला म्हणून सापडला.

आजचा विषय रात्रीच्या छायाचित्रणाचा इतिहास असा जाहीर झाला आहे. सुरुवात या दोन चित्रांनी केली ती मुद्दाम. कॅमेरा म्हणजे यांत्रिक डोळा असं आपण सहज म्हणून जातो. दिवसा ते खपतं. रात्री खपत नाही. आपला डोळा सेकंदाच्या दहाव्या भागापुरता, किंवा त्याहून थोडा जास्त वेळ, प्रकाश साठवतो आणि लगेच पाटी पुसतो. कॅमेरा साठवत राहतो. दहा सेकंद, दहा मिनिटं, रात्रभर. रांजण पागोळीखाली ठेवावा तसा. म्हणजे रात्रीचा फोटो ही 'पाहिलेली' गोष्ट नसते, ती 'साठवलेली' गोष्ट असते. हा फरक ध्यानात ठेवला की पुढचा सगळा इतिहास उलगडतो, आणि चांगला फोटो कसा काढायचा तेही बरंचसं उलगडतं.

किती साठवायचं याचा अंदाज यावा म्हणून एकदोन आकडे देतो. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश पडतो. बऱ्यापैकी दिवे असलेल्या रस्त्यावर रात्री दहा-वीस लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्स. दुपार आणि चांदणं यांच्यात चार लाखपट अंतर आहे, आणि आपला डोळा ते अंतर अर्ध्या तासात, तक्रार न करता, ओलांडतो. अर्थात त्याची किंमत तो मोजतो. मंद उजेडात रंग जातात. तांबडं आधी काळं पडतं, निळसर बराच वेळ तग धरतं. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे १८१९ साली नोंदवून ठेवलं. चांदण्यात जास्वंद लाल 'दिसत' नाही. आपल्याला माहीत असतं म्हणून ती लाल वाटते.

आता आमच्या विषयातला एक जुना वाद इथे आणायला हवा. थोडा दम धरा, तो कॅमेऱ्यापर्यंत येतो. वैशेषिकांनी जगातली द्रव्यं नऊ मानली : पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काळ, दिशा, आत्मा आणि मन. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक म्हणाले, दहावं राहिलं की! अंधार. का? तर अंधाराला रंग आहे, तो काळा दिसतो. अंधाराला गती आहे, दिवा घेऊन चाललं की सावली सरकते. ज्याला गुण आहे, क्रिया आहे, ते द्रव्य. नैयायिकांनी हे मानलं नाही. त्यांचं म्हणणं, सरकतो तो दिवा, अंधार नव्हे. आणि कुठलीही रंगीत वस्तू पाहायला उजेड लागतो, अंधार मात्र उजेड नसतानाच दिसतो, तेव्हा तो वस्तू कसला? तो तेजाचा अभाव. 'न्यायकंदली'कार श्रीधरांनी तिसरी वाट काढली : काळेपणा हा आपण आरोपित केलेला असतो.

शतकानुशतकं चाललेला हा वाद पोथीतला वाटतो, पण रात्री कॅमेरा हातात घेणाऱ्या प्रत्येकाला त्यात बाजू घ्यावी लागते. कॅमेरा बनवणारा नैयायिक असतो. त्याच्या लेखी अंधार म्हणजे कमतरता, ती भरून काढायची. चांगला छायाचित्रकार भाट्ट असतो. त्याच्या लेखी अंधार ही सामग्री आहे, कुंभाराला माती असते तशी. गेल्या दीडशे वर्षांत पहिली बाजू जिंकत आली. दुसऱ्या बाजूचं काय झालं, हे सांगायला आज उभे आहोत.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या सभासदांत होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही त्याच सुमारास निघाला. म्हणजे या कलेत आपण फार मागे नव्हतो. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे. मग त्या रात्रींचे फोटो कुठे आहेत? घाटांचे, देवळांचे, लेण्यांचे, राजेरजवाड्यांचे फोटो ढिगाने मिळतात. रात्र मिळत नाही.

कारण साधं होतं. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. सुकली की संपलं. विलायतेत दहा-पंधरा मिनिटं हाताशी असत, मुंबईच्या उकाड्यात त्याहून कमी. गॅसच्या दिव्याच्या उजेडात त्या काचेवर चित्र उमटायला जेवढा वेळ लागला असता, तेवढ्यात काच वाळून जाई. थोडक्यात, रात्र अंधारी होती म्हणून फोटो निघत नव्हते असं नाही. काच धीर धरत नव्हती.

धीर धरणारी काच आली ती जिलेटिनची. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने तिची कल्पना मांडली आणि दशक संपता संपता ती बाजारात मिळू लागली. आता काच कोरडी, हवा तितका वेळ उघडी ठेवा. याचा पहिला फायदा उठवला तो खगोलशास्त्रज्ञांनी. अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी १८८० साली मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला, ५१ मिनिटांचा. तीन वर्षांनी इंग्लंडात अँड्र्यू कॉमन यांनी त्याच तेजोमेघाचा आणखी चांगला फोटो घेतला. त्यात असे तारे होते जे त्याच दुर्बिणीतून डोळ्याला दिसत नव्हते. इथे जरा थांबायला हवं. तोवर छायाचित्र ही डोळ्याने पाहिलेल्याची नक्कल होती. त्या रात्रीपासून ते डोळ्याच्या पलीकडचं साक्षीदार झालं. ज्ञानमीमांसेच्या भाषेत बोलायचं तर प्रत्यक्षाच्या यादीत कुणीतरी नवीन आलं, आणि आपण फारशी चर्चा न करता त्याला आत घेतलं.

ही लाट महाराष्ट्रात आली ती पुण्यात. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी देणगी दिली आणि १८८८ साली कॉलेजच्या आवारात वेधशाळा उभी राहिली. तिच्यातली २० इंची दुर्बीण ही त्या काळातली हिंदुस्थानातली सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण आलं तेव्हा नायगमवाला आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. त्याच जेऊरला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल येऊन उतरले होते, आणि तिकडे विजयदुर्गावर इंग्लंडचे नॉर्मन लॉक्यर. भर दुपारची जेमतेम दोन मिनिटांची रात्र. एवढ्या वेळात सूर्याच्या प्रभामंडलाचे आणि वर्णपटाचे फोटो घ्यायचे. चूक झाली तर पुन्हा काढू म्हणायची सोय नाही. हल्ली ग्रहणाच्या वेळी दूरचित्रवाणीवर बाकी सगळं येतं, जेऊरचं नाव कुणी काढत नाही. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडईकनालला गेली. एका माणसाच्या नोकरीबरोबर एक संस्था संपते, ही आपल्याकडची जुनी सवय. असो.

याच सुमारास व्हिएन्नात कार्ल श्वार्झशिल्ड नावाचा तरुण ताऱ्यांची तेजस्विता फोटोच्या काचांवरून मोजत होता. पुढे कृष्णविवरांच्या गणितात हे नाव आलं, तोच. त्याच्या लक्षात आलं की काच हिशेबाला पक्की नाही. उजेड निम्मा केला आणि वेळ दुप्पट केला तर चित्र तितकंच उमटायला हवं. पण उजेड फार मंद असला की तसं होत नाही, काच जणू कंटाळते, आणखी वेळ मागते. १८९९-१९०० मध्ये त्याने याचा नियम मांडला. फिल्मवर रात्री फोटो काढणाऱ्या आमच्या पिढीला हा नियम नावाने नसला तरी अनुभवाने ठाऊक होता. मीटर सांगे दहा सेकंद, आपण द्यायचे पंचवीस.

इथवरचा मार्ग धीराचा. दुसरा मार्ग घाईचा होता : रात्रीकडे उजेड नसेल तर आपण बरोबर नेऊ. मॅग्नेशियमची तार जाळून १८६० च्या दशकातच प्रयोग झाले होते. १८८७ साली जर्मनीत फ्लॅशची भुकटी निघाली. तव्यासारख्या पात्रात ओतायची, पेटवायची, भस्सकन उजेड. न्यूयॉर्कचे पत्रकार जेकब रीस यांनी ती घेतली आणि रात्री-अपरात्री गरिबांच्या खोल्यांत शिरून फोटो काढले. त्यांचं पुस्तक १८९० साली आलं आणि त्या वस्त्यांच्या सुधारणेला त्याने खरोखर जोर मिळाला. पण त्यांनी आत्मचरित्रात हेही सांगून ठेवलं आहे की या उद्योगात त्यांनी दोनदा घराला आग लावली आणि एकदा स्वतःला. शिवाय ज्यांचे फोटो काढले ती माणसं पाहा. दचकलेली, डोळे विस्फारलेली. खोलीतला अंधार कसा होता हे त्या फोटोंवरून कळत नाही, कारण तो तर पहिल्याच क्षणी मारला गेला. उरतो तो बाहेरून आलेल्या माणसाचा उजेड.

पुढे १९२९ च्या सुमारास फ्लॅशचे बल्ब आले, १९३१ मध्ये अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आला. आग लागायची थांबली, पण मारामारी तीच. आमच्या पिढीच्या लग्नांचे अल्बम काढून बघा. नवरानवरी पिठासारखी पांढरी आणि त्यांच्या मागे डांबराची भिंत. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या हिशेबाने कमी होतो. दुप्पट लांब असलेल्या काकूंना चौथा हिस्सा मिळतो, तिप्पट लांब असलेल्या मामांना नववा. मांडवातला खरा उजेड, ती पेट्रोमॅक्सची किंवा ट्यूबची रोषणाई, ज्यात सगळे एकत्र बसले होते, तो कुठेच नाही. फोटोग्राफरचा दोष नव्हता, यजमानांना चेहरे हवे होते.

भाट्टांच्या बाजूचे लोकही होते. ब्रासाई हा हंगेरीतून पॅरिसला आलेला माणूस. त्याचं रात्रीच्या पॅरिसचं पुस्तक १९३३ साली गाजलं. त्याची युक्ती आजही तशीच्या तशी चालते. रस्त्यावरचा दिवा चौकटीत सरळ घ्यायचा नाही. तो झाडाच्या बुंध्यामागे, कमानीच्या कोपऱ्यामागे दडवायचा, आणि त्याचा उजेड फक्त ओल्या फरसबंदीवर, भिंतीवर येऊ द्यायचा. धुकं असलं तर आनंद. एक्सपोजर तो सिगारेटीवर मोजी. एका जातीची सिगारेट संपेपर्यंत एवढं, फार काळोख असला तर दुसऱ्या जाड जातीची. तब्येतीसाठी हे घड्याळ आम्ही सुचवणार नाही, पण मापाची कल्पना चांगली आहे. वेळ शरीराने मोजायचा.

आणि आपल्याकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटर. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्या काळातलं चित्रण उन्हात होई, आणि मूकपटात रात्र दाखवायची तर चित्रफीत निळ्या रंगात बुडवत. प्रेक्षकांनीही तडजोड मान्य केलेली, निळं म्हणजे रात्र. बाबूरावांनी १९२३ साली 'सिंहगड' काढला. आता कोंढाणा घेतला गेला तो ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, माघ वद्य नवमीला. ही गोष्ट दुपारी कशी सांगणार? बाबूरावांनी या चित्रपटासाठी कृत्रिम दिवे वापरले, आणि आपल्याकडचा तो पहिलाच मोठा प्रयत्न मानला जातो. गंमत बघा. अंधार दाखवण्यासाठी दिवे लावले. विरोधाभास वाटतो, पण रात्रीच्या चित्राचा पाया तोच आहे. अंधार एकटा दिसत नाही. त्याला कडा लागते, आणि कडा उजेडाची असते.

ती कडा कशी असावी हे पाहायचं तर सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र पाहावं. मूळ सावंतवाडीचे हळदणकर. १९४० च्या दशकाच्या मध्यावर काढलेलं, मुलीला समोर उभं करून, आणि तेही जलरंगात, जिथे एकदा चुकलं की खोडता येत नाही. मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात ते आहे. वाऱ्यापासून ज्योत राखायला हात आडवा धरलेला, आणि बोटांच्या कडांतून लालसर उजेड झिरपतोय. चेहरा उजळलेला, बाकी साडीचा बराच भाग मंद छायेत, भोवती अंधार. ज्योत आपल्याला थेट दिसत नाही. ब्रासाईने दिवा झाडामागे दडवला, हळदणकरांनी हातामागे. दोघांची गाठ पडली असण्याचं काही कारण नाही. एकाच प्रश्नावर विचार केला की उत्तरं जवळ येतात, इतकंच.

आता डिजिटलकडे येऊ. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल मिळालं. १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. १०० गुणिले १००, म्हणजे दहा हजार ठिपक्यांचं चित्र, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. इथेही खगोलवाले पुढेच होते. कारण फोटोच्या काचेवर शंभर प्रकाशकण पडले तर कामी येत दोन-तीन, सीसीडीवर सत्तर-ऐंशी. शिवाय तिला कंटाळा नाही. श्वार्झशिल्डचा नियम तिला लागू होत नाही, दुप्पट वेळ म्हणजे दुप्पट प्रकाश, हिशेब चोख.

मग रात्रीच्या फोटोत दाणे का येतात? अनेकांना वाटतं कॅमेरा स्वस्तातला म्हणून. काही अंशी खरं आहे, पण मूळ कारण प्रकाशाचं आहे. प्रकाश कणाकणाने येतो. वळवाच्या पहिल्या शिंतोड्यात अंगणात वाट्या मांडून ठेवा. एकीत तीन थेंब, शेजारच्या वाटीत सात, तिसरीत पाच. पाऊस सगळीकडे सारखाच, पण थेंब मोजके म्हणून वाट्यांत फरक. मुसळधार लागला की सगळ्या वाट्या सारख्या भरतात. सरासरी १०० कण असतील तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. १०,००० असतील तर चढउतार १०० चा, एक टक्का. दाणा म्हणजे हा चढउतार. आयएसओ वाढवला म्हणून थेंब वाढत नाहीत. आयएसओ हे लाऊडस्पीकरचं बटण आहे, बोलणारा कुजबुजत असेल तर कुजबुज मोठी होते आणि पंख्याची घरघरही. थेंब वाढवायचे दोनच मार्ग : वाटी मोठी घ्या किंवा जास्त वेळ ठेवा. हे कळलं की दुकानदाराचं निम्मं बोलणं ऐकावं लागत नाही.

मोबाइलमध्ये वाटी लहान आणि हात हलणारा. तिथे वेगळीच शक्कल निघाली. २०१८ साली गुगलच्या फोनमध्ये जो रात्रीचा मोड आला, त्यात एकाऐवजी पंधरापर्यंत छोटे छोटे फोटो भराभर घेऊन, ते एकमेकांवर बरोबर बसवून, बेरीज केली जाते. आज जवळपास सगळ्या फोनमध्ये असं काही ना काही असतं. काम विलक्षण आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण ते बनवणाऱ्यांसमोर आमचाच जुना प्रश्न आला. बेरीज इतकी चांगली झाली की रात्र दिवसासारखी दिसू लागली. मग रात्र रात्र वाटावी यासाठी त्यांनी जुन्या चित्रकारांकडे पाहिलं. जोसेफ राइट यांचं १७६६ चं एक चित्र त्यांनी उदाहरणाला घेतलं. दिव्याभोवती जमलेले श्रोते आणि त्यांना ग्रहमाला समजावून सांगणारा तत्त्वज्ञ! सावल्या काळ्याच ठेवायच्या, भोवती अंधार ठेवायचा, हे त्यांनी त्यातून उचललं. म्हणजे काळेपणा आता यंत्र आरोपित करतं. श्रीधरांना हे आवडलं असतं. पण किती काळेपणा ठेवायचा हे कंपनीत ठरतं, आणि लोकांना उजळ फोटो आवडतो म्हणून काटा उजेडाकडे झुकलेला असतो.

यात बिघडलं काय, असं कुणी विचारेल. आमच्या ओळखीतल्या एका वस्तीची हकीकत सांगतो. स्टेशनपासून घराकडे जाणाऱ्या त्यांच्या गल्लीतले दिवे बरेच दिवस बंद होते. रात्री उशिरा कामावरून येणाऱ्या मुलींना मोबाइलची बॅटरी लावून यावं लागे. मंडळींनी रीतसर तक्रार केली, फोटो जोडला. उत्तर काय आलं? फोटोत रस्ता स्पष्ट दिसत आहे. आणि दिसत होता हो! फोनने पंधरा फोटोंची बेरीज करून खड्डासुद्धा उजळवला होता. अंधाराची तक्रार होती आणि पुराव्यातून नेमका अंधारच गाळला गेला. ज्या मुलीने फोटो काढला तिच्या अनुभवापेक्षा तिच्याच फोनचा फोटो खरा ठरला. प्रमाणशास्त्र शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं दोरी आणि सापाची उदाहरणं दिली. हे उदाहरण हाती असतं तर मुलांना लवकर समजलं असतं.

अशा वेळी काय करावं? खगोलवाले करतात तेच. एकटा तारा किती तेजस्वी हे ते सांगत नाहीत, शेजारच्या माहीत असलेल्या ताऱ्याशी ताडून सांगतात. फोनमधला रात्रीचा मोड बंद करा. 'प्रो' किंवा 'मॅन्युअल' म्हणून जो मोड असतो त्यात जा. ज्या गल्लीत दिवे चालू आहेत तिथे उभं राहून, डोळ्याला दिसतं तसा फोटो येईल असं शटर आणि आयएसओ ठरवा. मग एकही आकडा न बदलता बंद दिव्यांच्या गल्लीचा फोटो घ्या. दोन्ही शेजारी शेजारी जोडा, खाली आकडे, तारीख, वेळ. दुसरा फोटो जवळजवळ काळा येईल. येऊ द्या.

हौसेने फोटो काढणाऱ्यांसाठीही यातलं बरंच काही आहे. ट्रायपॉड हवा, नसेल तर भिंत, कठडा, तांदळाची पिशवी. शटर बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा, दाबल्याचा धक्का विरून जातो. ट्रायपॉडवर असाल तर आयएसओ १०० ते ४०० पुरे, वेळ लागू दे. कॅमेरा आपणहून उजळ फोटो देऊ पाहतो, त्याला एक-दीड पायरी खाली ओढा. 'रॉ' मध्ये घेतलात तर रंग नंतर ठरवता येतो, आणि रंगाला रात्री फार अर्थ असतो. १९९० च्या दशकातले डोंबिवलीकडचे फिल्मवरचे फोटो पाहा. सोडियमच्या दिव्याखाली सगळं नारिंगी, ट्यूबखाली हिरवट. तेव्हा ते बिघडलेले वाटत. आज रस्त्यांवर पांढरे एलईडी आले आणि तो नारिंगी रंग त्या काळाचा दस्तऐवज झाला. कॅमेऱ्याला रंग 'सुधारू' देण्याआधी दोनदा विचार करावा.

सगळ्यांत चांगली वेळ पूर्ण रात्रीची नव्हे. सूर्य मावळल्यावर वीस-तीस मिनिटांनी आभाळ गडद निळं असतं आणि दिवे लागलेले असतात, दोन्हींचा तोल तेव्हा जमतो. कोपरच्या खाडीकडे उभं राहिलात तर पाण्यात त्या निळ्याचं आणि पलीकडच्या दिव्यांचं प्रतिबिंब येतं, दोन-चार सेकंदांत पाणी रेशमासारखं होतं. पंधरा मिनिटांत हे संपतं, तेव्हा जागा आधी हेरून ठेवावी. चंद्राचा फोटो मात्र रात्रीचा समजू नये. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड. आयएसओ १००, एफ/११, सेकंदाचा सव्वाशेवा भाग, एवढंच त्याला लागतं. त्याला दहा सेकंद दिलेत तर पांढरी पुरी येईल. स्टेशनात ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी विचारा, आणि झोपलेल्या माणसाचा फोटो घेण्याआधी रीसची आठवण ठेवा.

ताऱ्यांसाठी इथून जावं लागेल. मुंबईतले खगोल मंडळाचे लोक अनेक वर्षं आकाशदर्शनाला कर्जत लाइनवर वांगणीला जात आले. एके काळी तिथे आकाशगंगा दिसे, आता वस्ती तिकडेही पोचली. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते म्हणून तारे रेघा होतात. ठिपके हवे असतील तर ५०० ला भिंगाच्या मिलिमीटरने भागा, तितके सेकंद, म्हणजे २४ मिलिमीटरला वीसएक. आणि कोपरवरून, याच आकाशात, तेच वीस सेकंद देऊन एक फोटो घेऊन ठेवा. शक्यतो दर वर्षी, त्याच जागेवरून, त्याच आकड्यांवर, अमावास्येच्या आसपास. आकाश किती उजळत गेलं याची दुसरी नोंद आपल्या भागात कुणी ठेवलेली आम्हांला तरी ठाऊक नाही. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी बाहेर वहीत नाव लिहावं, जागा आपण मिळून ठरवू.

आता प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताईंचा हात बराच वेळ वर आहे.